गेणूभाऊंची अफगाण लढाई

बेगडेवाडी स्टेशनात गाडीला दहा मिनिटं उशीर झाला, की तेवढ्यात गेणूभाऊ अख्खी अफगाण लढाई जिंकून दाखवत. पणजोबा सुभानजी इंग्रजांच्या पलटणीत होते. जखमी सोबत्याला खांद्यावर टाकून त्यांनी गोळ्यांच्या माऱ्यातून दोन कोस आणलं, म्हणून चांदीचं पदक मिळालं. वाटेत आडवे आलेले पठाण गेणूभाऊंच्या लहानपणी तीन होते. आता चाळिसाच्या वर गेले होते.

दसऱ्याला पदक कोयत्या-विळ्यांबरोबर पूजेला मांडत. डोंगरावरच्या वाडीतली बाया म्हातारी न चुकता येऊन त्याच्यापुढं डोकं टेकवी. गेणूभाऊ तिला पायरीवर बसवत, पुरणपोळी देत आणि लढाई ऐकवत.

“आमचं रगात हाय, बाया!”

“व्हय भाऊ,” ती म्हणे.

यंदा गावच्या कमानीवर पणजोबांचं नाव रंगवायचं ठरलं. पलटणीचा नंबर हवा म्हणून नात स्नेहलनं दसऱ्याच्या सकाळी पदक चिंचेनं घासलं. पिढ्यान्‌पिढ्यांचं हळदकुंकू निघालं आणि कडेवरची इंग्रजी अक्षरं उघडी पडली.

“आजोबा, नाव धावजी आहे.”

“सायबाला सुभानजी लिवता आलं नसंल.”

“मग धावजी कोण?”

“माज्या मालकाचा पणजा,” पुरणपोळी घेऊन पायरीवर बसलेली बाया म्हणाली. “आमचं घर गवताचं. जळलं-बिळलं तर, म्हनून तुमच्या पणज्याकडं ठेवाया दिलं.”

“त्यांच्याकडंच का?”

“त्येंनाच तर खांद्यावर आणलं हुतं!”

गेणूभाऊंच्या मिशा उतरल्या. चाळीस पठाण एकदम अंगणात आले असते तर बरं, असं त्यांना वाटलं. निदान मागच्या दारानं पळता आलं असतं.

“मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?”

“तुमी इचारलं कुटं? आन् लय रंगून सांगत हुता. माज्याच धावजीचं कवतिक! आयकाया ग्वाड लागायचं.”

गेणूभाऊंची मान वर होईना. “वर ये बाया. पाटावर बस.”

“गुडघं धरल्यात. हितंच बरी.”

तेव्हा गेणूभाऊच पदक घेऊन उतरले, तिच्या ओंजळीत ठेवलं आणि तिच्या खालच्या पायरीवर बसले.

“स्नेहल, रंगाऱ्याला फोन लाव. धावजी लिव म्हणावं.”

बायानं पदक कपाळाला लावलं आणि पोळीचा तुकडा मोडला. “सांगा की भाऊ. यंदाची लढाई ऱ्हायली.”

गेणूभाऊंनी घसा खाकरला. पण सुभानजी दुसऱ्याच्या खांद्यावर असताना गोष्ट कुठून सुरू करायची, हे जन्मात पहिल्यांदाच त्यांना सुचेना.