रत्नशिखर नगरीत पाणी किती वाजता येतं?

मी आजवर तीन राज्यं, एक बेट आणि एक अख्खा ग्रह वसवला, आणि प्रत्येक ठिकाणी सगळ्यात आधी नळ टाकला. ही अक्कल मला ऐंशीच्या दशकात बोरीवलीत, आमच्या सोसायटीच्या गणपतीत आली.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि स्वतःला नाटककार समजत होते. आदल्या वर्षीचं माझं नाटक इतकं पडलं होतं, की मध्यंतरात प्रसाद वाटला आणि लोक प्रसादासकट घरी गेले. सेक्रेटरीकाकांनी मीटिंगमध्ये सुनावलं, "हे बघ, यंदा शेवटचा चान्स. पब्लिक उठून गेलं, तर पुढच्या वर्षीपासून नाटक बंद. व्हिडिओ आणू, पिक्चर लावू. कटकटच नको."

चार टेबलं जोडून केलेलं ते स्टेज म्हणजे माझा जीव की प्राण. मी पेटले आणि रत्नशिखर नगरी लिहून काढली. डोंगरमाथ्यावर महाल, सोन्याचे खांब, पाचशे हत्ती. कागदावर हत्तींना काय तोटा! राजा होता बी विंगमधला एक बँकेतला क्लार्क. आवाज ढगासारखा, पाठांतर शून्य. तो गरजायचा, "प्रधानजी, प्रजा सुखी आहे ना?" प्रधान म्हणायचा, "होय महाराज." यापुढे काय, ते खरं सांगायचं तर मलाही सुचत नव्हतं.

तालीम तळमजल्याच्या पॅसेजमध्ये चालायची. तिथे राहणाऱ्या मालवणी काकू दारात बसून, कोलंबी सोलता सोलता बघायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात थांबवला.

"काय गो, तुझ्या ह्या राज्यात पाणी किती वाजता येता?"

सगळे खो खो हसले. राजाची मिशी गळून पडली. मी तोऱ्यात म्हटलं, "काकू, ती काल्पनिक नगरी आहे."

"मगे? काल्पनिक माणसां आंघोळ करणत नाय?"

मी फुगून घरी आले. आम्ही चौथ्या मजल्यावर. नळाला दोऱ्याएवढी धार होती. बादलीत ती टुक टुक पडताना बघत बसले आणि एकदम उडालेच. महाल डोंगरावर! म्हणजे पाणी राजाकडे सगळ्यात शेवटी पोचणार, आणि पायथ्याशी राहणाऱ्या एखाद्या फुलवालीकडे धो धो! महाराजांना आंघोळ हवी, तर मुकुट सांभाळत खाली उतरायचं आणि तिच्यापुढे बादली धरायची. माझं नाटक मला त्या बादलीत सापडलं.

मग मी सुटलेच. पाचशे हत्तींना पाणी कुठून पाजणार? चारशे नव्याण्णव खोडले; उरलेला वरातीला गेलाय, असं प्रधानाच्या तोंडी घातलं. नगरीत रांग कशी लागते, कोणाचं भांडं कितवं, राणीचा हंडा कुठे चेपलाय, सगळं एका वहीत लिहिलं आणि सगळ्यांकडून घोटून घेतलं.

"हे स्टेजवर बोलायचंय का?" राजाने घाबरून विचारलं.

"नाही रे. नुसतं माहीत असू दे."

काकूंना मी महालातली म्हातारी दासी केलं. मुद्दाम एकही वाक्य दिलं नाही. सूड, दुसरं काय!

प्रयोग संध्याकाळी सातचा. पहिला प्रवेश बरा गेला. दुसऱ्यात राजा सिंहासनावरून उठला, छाती फुगवली, आणि गप्प. मी पडद्याआडून वाक्य सांगितलं. ढिम्म. पुन्हा सांगितलं. घामाने त्याची मिशी ओठांवर उतरली. पुढच्या रांगेत सेक्रेटरीकाकांनी घड्याळ बघितलं. मागे खुर्च्या सरकू लागल्या. मला डोळ्यांपुढे तो व्हिडिओ दिसायला लागला.

आणि माझी बिनवाक्याची दासी कोपऱ्यातून कडाडली, "पाणी इला!"

अख्खी नगरी उसळली! प्रधान घागर घेऊन धावला, राणी चेपलेला हंडा घेऊन. जो तो आपापल्या नंबरावर. कोणालाही काही सांगावं लागलं नाही. राजाने बादली उचलली, धापा टाकत रांगेच्या शेवटी उभा राहिला आणि स्वतःच्या मनाने कळवळून म्हणाला, "अहो फुलवालीबाई, राजा असलो तरी चौथ्या मजल्यावर राहतो हो!"

हशा उसळला, पण फक्त अर्ध्या मांडवातून. उरलेला अर्धा मांडव उभा होता. आमच्याकडे संध्याकाळच्या पाण्याची वेळ ठरलेली नसे; आरोळी आली की पळायचं. बायका किल्ल्या काढून जिन्याकडे निघाल्या होत्या. आणि सगळ्यांच्या पुढे, धोतराचा सोगा धरून, पंप चालू करायला खुद्द सेक्रेटरीकाका धावत होते!

पंपाच्या खोलीपाशी पोचल्यावर त्यांना उमगलं. ते वळले. मांडवात टाळ्या नि शिट्ट्या. सगळ्या बायका हसत खुर्च्यांवर परत आल्या आणि शेवटपर्यंत एकही जागेवरून हलली नाही. पब्लिक उठलं होतं खरं, पण माझ्या नगरीत पाणी भरायला!

नाटक संपल्यावर काका विंगेत आले. म्हणाले, "व्हिडिओवाल्याला नको म्हणून कळवतो." मग जरा घुटमळले. "पण काय गं, इतका डोंगरावर राहतो, तर तुझा राजा पंप का नाही बसवत?"

"बसवलाय ना काका," मी म्हटलं, "पण किल्ली सेक्रेटरीकडे असते."