टेकाडाचा नंबर

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. बाबा नानाखेड्याच्या स्टँडवरून बस चालवतात. आमचे घरमालक काका पुरातत्त्व खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याबद्दल खरं तर त्यांच्या मुलीने लिहायचं. पण ती पुण्याला, आणि त्या महिन्यांत त्यांच्याजवळ मी होते. कमीजास्त झालं तर माफ करा.

सरकारी जमिनींवरचे जुने अवशेष शोधायचे आणि त्यांची नोंद करायची, हे काकांचं जन्माचं काम. काकू सांगायच्या, "मुलीच्या लग्नात मांडवाला खड्डे खणले, तर हे व्याह्यांना सोडून खड्ड्यात वाकलेले!"

"खापर निघालं होतं की नाही, ते पण सांग," काका म्हणायचे.

एका सकाळी क्षिप्रेपलीकडच्या गावातला एक शेतकरी दारात आला. "साहब, मेरे खेत में कुआँ नहीं खोदने देते. कहते हैं नीचे पुरानी बस्ती है. और बगल के टीले से रोज ट्रॉलियाँ भर के मिट्टी जा रही है."

काकांनी जुन्या फायली काढल्या. तो टीला, म्हणजे ते टेकाड, त्यांनीच शोधलं होतं, ते राखावं असा अहवालही त्यांचाच. पण जमिनीचा सरकारी नंबर, ज्याला इथे खसरा म्हणतात, तो त्यांनी पटवाऱ्याच्या, म्हणजे तलाठ्याच्या, जुन्या नकाशावरून उतरवला होता. त्याआधीच नवी मोजणी होऊन गावाचे सगळे नंबर बदलले होते. टेकाडाचा जुना नंबर आता या माणसाच्या शेताचा होता. इतकी वर्षं सरकार गव्हाचं शेत राखत होतं आणि टेकाड उघडं पडलं होतं.

"कुणाच्याच लक्षात आलं नाही?" मी विचारलं.

"नवा नकाशा बघायला दहा मिनिटं लागली असती बेटा. मी बघितला नाही."

मोतीबिंदूमुळे त्यांना लिहिता येईना, म्हणून अर्ज मी लिहायचे, हिंदीत. पहिलंच वाक्य त्यांनी सांगितलं, "त्रुटि मेरी है."

मी घाबरले. "काका, लिपिकीय त्रुटि लिहू या ना."

"लिपिकाने काय केलंय?"

दर सोमवारी ते मला घेऊन खात्याच्या दफ्तरात जायचे. तिथला बाबू म्हणायचा, "बाबूजी, रिटायर हो गए, अब महाकाल का नाम लो." काका हसायचे नाहीत. परत येताना टेम्पोत खिडकीकडे तोंड करून बसायचे.

एकदा मला टेकाडावर घेऊन गेले. अर्धं कापलेलं होतं. कापलेल्या बाजूला विटांची ओळ दिसत होती, तिच्याखाली काळा पट्टा. "ही राख बघ. कुणाची तरी चूल," म्हणत होते, तेवढ्यात माती भरणाऱ्या ट्रॅक्टरचं फावडं तिथेच लागलं. काका ट्रॅक्टरसमोर जाऊन उभे राहिले. ड्रायव्हर उतरला, आवाजही चढवला नाही त्याने. "दादाजी, रोक का कागज दिखा दो, अभी चला जाऊँगा."

काकांच्या पिशवीत कागद होता. त्यावर शेताचा नंबर होता. त्यांनी तो बाहेर काढला, पाहिला, घडी घातली आणि बाजूला झाले. मी नुसती त्यांची पिशवी धरली.

घरी काकू म्हणाल्या, "पोरगी फोनवर रडतेय. नातू विचारतो, आजोबा कधी येणार. मातीच्या ढिगासाठी किती दिवस?"

"नंबर दुरुस्त झाला की निघू. तिकीट काढू नका म्हणावं आत्ता."

दिवाळीलाही ते गेले नाहीत. काकूंनी फराळाचा डबा कुरिअरने पाठवला आणि तीन दिवस काकांशी बोलल्या नाहीत.

डोळ्याच्या ऑपरेशननंतर काका पट्टी बांधून ओसरीवर बसले होते, तेव्हा तो शेतकरी पुन्हा आला. हातात पेढ्यांचा डबा. वाकून काकांच्या पाया पडला. "आपकी अर्जी से हो गया साहब! कुएँ की इजाजत मिल गई."

"आणि टेकाड?" काकांनी मला विचारलं. "आदेश वाच."

शेतकऱ्याने दिलेला कागद मी उघडला. अर्जदाराने चूक कबूल केल्यामुळे शेताचा नंबर यादीतून वगळला होता. त्याखाली टेकाडाचा बरोबर नंबर होता. पुढची ओळ जागेच्या पाहणीची होती, ती मी आधी मनात वाचली.

"वाच ना बेटा, मोठ्याने."

मी वाचलं, "मौके पर कोई टीला नहीं पाया गया."