वेटिंगवर पहिला

गाऱ्हाणं घालावं तर गुरुप्रसादनंच, यावर बांद्याजवळच्या त्या गावात कुणाचं दुमत नव्हतं. देवापुढे नारळ ठेवायचा, ठेवणाऱ्याचं मागणं देवाच्या कानावर घालायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांकडून ‘व्हय म्हाराजा’ वदवून घ्यायचं, हे काम वडिलांमागून त्याच्याकडे आलं होतं. दहा महिन्यांपूर्वी गोव्यातल्या औषध कंपनीनं त्याला घरी बसवलं. तेव्हापासून तेवढं एकच काम त्याच्याकडे उरलं होतं, आणि तेही कुणी नारळ आणला तर.

मग वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्यात सुपरवायझरची एक जागा निघाली. गुरूनं अर्ज केला, आणि शेजारच्या सुशीलाकाकीच्या मिहीरलाही करायला लावला. मिहीर नुकता कॉलेजातून बाहेर पडलेला, त्याला कोण घेतंय? तेव्हा मन मोठं करायला गुरूचं काहीच जात नव्हतं. त्यानं मिहीरचा बायोडेटा लिहून दिला, स्वतःचा इस्त्रीचा शर्ट दिला. ‘सायबासमोर माका-तुका करू नको, मला-तुम्हाला म्हण,’ हेसुद्धा पढवलं. मिहीर पोपटासारखं बोलून आला. गुरूला मात्र साहेबानं विचारलं, ‘‘आधीची नोकरी का सोडली?’’ आणि सहा वर्षांचा अनुभव बाजूला राहून त्याच्या तोंडून निघालं, ‘‘माका काढल्यानी.’’

जागा मिहीरला मिळाली. गुरूला कारखान्यातून फोन आला. ‘‘वेटिंगवर तुमचं नाव पहिलं आहे. निवडलेला उमेदवार सोमवारी हजर झाला नाही, तर तुम्हाला बोलावू.’’ हे त्यानं घरात कुणाला सांगितलं नाही, मिहीरला तर नाहीच.

त्यानंतरचे आठ दिवस गुरूचे फार वाईट गेले. सुशीलाकाकीनं पेढे आणले, ते त्यानं दोन खाल्ले, कारण एक खाल्ला तर मनातलं कळेल अशी त्याला भीती. मिहीर शिंकला तरी याला बरं वाटायचं. मिहीर दुचाकीवरून निघाला की वळणापर्यंत याची नजर त्याच्या पाठीवर. तीस वर्षांचा बाप्या, एका पोरावर असा जळत होता. त्याची त्याला लाजही वाटायची, पण लाजेनं पोटातली आग काही विझत नव्हती. सोमवार जवळ आला तशी ती वाढतच गेली.

रविवारी सकाळी काकी दारात आली. ‘‘गुरू, उद्या मिहीर कामार हजर होतलो. आज देवळात नारळ ठेवचो आसा. गाऱ्हाणा तूच घालूक होया.’’

नाही म्हणायला कारण सापडेना. गुरू गेला. रवळनाथासमोर मिहीर हात जोडून उभा होता, काकी होती, वाडीतली पाचसहा माणसं होती आणि देवळाच्या पायरीवर म्हातारे दाजी बसले होते.

‘‘बा रवळनाथा, म्हाराजा,’’ गुरूनं सुरुवात केली, ‘‘ह्या लेकरान तुझ्यासमोर नारळ ठेवल्यान, तो मान्य करून घे.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘तेच्या नोकरीत तेका यश दी.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

यश त्यानं इतकं हळू मागितलं, की देवानं ऐकलं नसतं तरी चाललं असतं. पुढचं वाक्य नजरेचं होतं. कुणाची वाकडी नजर पडली असेल तर ती दूर कर, असं प्रत्येक गाऱ्हाण्यात असतं. गुरूनं ते गाळलं आणि थेट चुकीमाकीची माफी मागायला लागला.

दाजींनी मान वर केली. ‘‘गुरू, नजरेचा रवला मरे.’’

‘‘रवांदे ओ दाजी,’’ मिहीर हसला. ‘‘माझ्यार कोण जळतलो? आणि गुरूदादा आसा मा माझ्या पाठीर.’’

त्या बोलण्यानं गुरूच्या अंगाचा भडका उडाला. पोर हुशार निघालं, नोकरी घेऊन गेलं, हे एक वेळ सोसवलं असतं. पण हा इतका विश्वास ठेवतो आणि आपल्याला मत्सरसुद्धा धड करू देत नाही, याचा त्याला भयंकर राग आला. त्या रागातच त्याचा आवाज चढला.

‘‘बा रवळनाथा, म्हाराजा. ह्यो उद्या कामार हजर होव नये म्हणान जो कोण वाट बघता हा, तेची नजर बाजूक सार.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

गाऱ्हाणं इथं संपायला हवं होतं. गुरू थांबला नाही.

‘‘आणि तेका पण खंय तरी कामाक लाव, म्हाराजा. तो वायट नाय. घराकडे बसान बसान तसो झालोहा.’’

असलं वाक्य देवळात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. तरी सवयीनं सगळे म्हणाले, ‘‘व्हय म्हाराजा,’’ आणि सुशीलाकाकी सगळ्यांत मोठ्यानं.  मिहीर मात्र गुरूकडे बघत होता.