अळणी डाळ आणि राहिलेला घास

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. आमच्या सोसायटीचा लिफ्टवाला माझा मजला यायच्या दोन मजले आधीच उठून उभा राहतो. त्या रागाने माझं बरंच नुकसान झालंय, पण नवीन पनवेलच्या त्या नेपाळी हॉटेलात झालं ते मात्र अजून बोचतं.

बाबा गेले त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. आईला मी ओवे गावातल्या घरातून उचलून कामोठ्याला माझ्या फ्लॅटवर आणलं होतं, आणि आईने जेवण जवळजवळ सोडलं होतं. दोन घास खायची आणि ताट सरकवायची. मी आधी समजावलं, मग ओरडले, मग शेजारणीसमोर रडले. काही उपयोग नाही. "भूक नाय गो," एवढंच उत्तर. वजनकाट्यावर उभी राहिली की डॉक्टर माझ्याकडे बघायचे, जसं काही मीच तिचं ताट ओढून घेत होते.

एका शनिवारी डॉक्टरांकडून निघालो तर विचुंब्याच्या रस्त्याला आईला चक्कर आली. समोर जे दार उघडं दिसलं त्यात शिरलो. चार टेबलं, भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं कॅलेंडर, काचेवर 'मोमो, थुक्पा, नेपाळी थाळी' असं लाल अक्षरात. मालकीण, स्वयंपाकीण, वाढपी सगळं एकच बाई होती. पस्तिशीची असेल. नवरा विचुंब्याला एका सोसायटीत वॉचमन, रात्रपाळी करून दिवसा झोपलेला. तिला सगळे दीदी म्हणायचे. तिने आईकडे एकदा पाहिलं, काही न विचारता आधी कोमट पाणी ठेवलं आणि मग थाळी. भात, पातळ काळसर डाळ, मोहरीच्या पाल्याची भाजी, टोमॅटोची चटणी.

डाळीला कसला तरी वेगळाच वास होता. आई वाकून हुंगायला लागली. "जिंबू," दीदी म्हणाली, आणि वाळलेल्या गवतासारखी चिमूटभर पात आईच्या तळहातावर ठेवली. तिच्या डोंगरावर उगवते म्हणे, फोडणीत घालतात. आईने ती पात मुठीत धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताने चक्क अर्धी थाळी संपवली.

तिथून आमचा दर शनिवार ठरला. त्या हॉटेलची एक रीत होती. "अजून हवंय का?" असं तिथे कुणी विचारत नसे. ताटात जरा जागा दिसली की दीदी मागून येऊन भाताचा डाव रिकामा करून जाई. वाढून घेतलेलं टाकायचं नाही, हे आईच्या हाडीमाशी भिनलेलं. त्यामुळे ती बिचारी खातच राहायची. दीदी तिला 'आमा' म्हणायची. मला गंमत वाटायची आणि जरा रागही यायचा, कारण मी पाच महिने घसा कोरडा केला आणि ही बाई न बोलता जिंकत होती.

मग एका शनिवारी शटर बंद. मी शटरवरही वैतागले. आई घरी येऊन न जेवता झोपली.

पुढच्या शनिवारी हॉटेल उघडं होतं. दीदीने थाळ्या आणून ठेवल्या. मी पहिला घास घेतला, डाळ अळणी. मिठाचा कणही नाही. भाजी तोंडात घातली तर तोंड वाकडं झालं, इतकी खारट. समोर पाहिलं, आईने हात धुवायला पेला उचलला होता. ताट सरकवलेलं.

माझा तोल सुटला. "दीदी, डाल में नमक नहीं और भाजी में दो बार! चखके नहीं देखते क्या? हॉटेल चलाते हो ना?" दोन टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. तशी मला आणखी जोर चढला. "ये मेरी माँ एक तुम्हारे यहाँ ही खाती है, मालूम है ना?"

दीदीने हात जोडले. "माफ करना. चखा नहीं."

"क्यों नहीं चखा?"

"मेरा बाबा गुजर गया. तेरह दिन हम लोग नमक नहीं खाता. आज नौवाँ दिन है."

ती हळूहळू सांगत गेली. भाऊ गावाला सगळं करतोय. इथून रेल्वे, मग बस, मग पायवाट, पोचायला तीन दिवस, तोवर काही उरलं नसतं. लग्न झालेल्या मुलीला एवढं पाळायची सक्ती नाही, पण जाता आलं नाही म्हणून तिने भावासारखे पुरते तेरा दिवस धरले होते. चाखायचं म्हणजे जिभेवर मीठ घ्यायचं. म्हणून हाताच्या अंदाजाने टाकत होती, आणि हात आज थाऱ्यावर नव्हता.

माझी आई जन्मभर नैवेद्य न चाखता रांधत आली. मला हे सुचायला हवं होतं.

आई मात्र पेला खाली ठेवून दीदीकडे बघत होती. तिच्या मोडक्या हिंदीत तिने विचारलं, "तेरेकू कडू घास कोन दिया?"

दीदीला कळलं नाही. मी समजावलं. आमच्याकडे कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे जेवण आणतात, आणि नुसतं आणून ठेवत नाहीत, समोर बसून पहिला घास भरवतात. दुःख झालेल्या माणसाला स्वतःच्या हाताने जेवणं जमत नाही म्हणून. त्याला कडू घास म्हणतात.

"इधर हमारा कौन है," दीदी म्हणाली.

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "मना पन कोनी दिला नाय."

बाबा गेले त्या दिवशी ओव्याच्या चार बायका भाकरी घेऊन निघाल्या होत्या. त्यांना फोन करून मीच थांबवलं होतं. "कशाला त्रास घेता, मी सगळ्यांचं जेवण मागवलंय." प्लास्टिकच्या डब्यांतून पुलाव आला, प्रत्येकाच्या हातात एकेक डबा दिला, आईच्याही. किती नीट व्यवस्था केली म्हणून मी स्वतःवर खूश होते. आईने तो डबा उघडला होता की नाही, हेही मला आठवेना. इतके महिने मी तिला भुकेबद्दल बोल लावत होते.

गुरुवारी दीदीचा चौदावा दिवस होता. पहाटे स्वयंपाकघरात थापटल्याचा आवाज आला म्हणून उठले. आई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदा ओट्याशी उभी होती. पिठलं झालेलं, वर झाकण. मी मदतीला गेले तर कोपराने बाजूला सारलं. मी ऑफिसला दांडी मारली आणि रिक्षा बोलावली.

हॉटेलात अजून गिऱ्हाईक नव्हतं. आईने दीदीला तिच्याच टेबलाशी बसवलं, डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडून पिठल्यात बुडवला आणि तिच्या तोंडासमोर धरला. "खा गो."

दीदीने तोंड उघडलं. चावता चावता तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. तरी तिने घास थुंकला नाही की ती थांबली नाही. सगळी भाकर संपवली.

"नमक ठीक?" आईने विचारलं.

"ठीक, आमा. एकदम ठीक."

मी एक बोट पिठल्यात घालून चाखलं. भयंकर खारट. इतके महिने ओट्यापासून दूर राहिल्याने आईचा अंदाज सुटला होता. जिभेच्या टोकाशी आलेलं सगळं मी गिळलं, पिठल्यासकट.

दीदी उठून पाणी आणायला गेली. आई मांडीत हात घेऊन तशीच बसून होती, डब्यात एक भाकर उरलेली. मला काय करायचं ते ठाऊक होतं, पण हात उचलेना. इतकी वर्षं या बाईने मला भरवलं, मी तिला एकदाही भरवलं नव्हतं. मी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तिच्या तोंडाशी नेला. थोडं पिठलं तिच्या पदरावर सांडलं.

आईने माझ्याकडे बघितलं. मग तोंड उघडलं. बराच वेळ चावत राहिली.

"खारट हाय," ती म्हणाली, आणि पुढच्या घासासाठी परत तोंड उघडलं.