ताटातली शेवटची चिठ्ठी

सहादू पगारे गुरुजींच्या घरात कोणाच्या तोंडून 'मेलो', 'वाटोळं झालं', 'आग लागो' असलं काही निसटलं, की गुरुजी हातातलं काम टाकून त्याला तो शब्द परत घ्यायला लावत. परत घ्यायचा म्हणजे मोठ्याने "घेतला" असं म्हणायचं. दूधवाला असो नाहीतर केबलवाला, सुटका कोणाचीच नव्हती. त्यांची बायको यशोदाबाई हयात असताना म्हणायच्या, ह्या माणसाशी धड भांडायचीही सोय नाही, अर्धा वेळ परत घेण्यातच जातो.

गुरुजींचा हिशोब साधा होता. देव बोलला आणि जग झालं, त्याला हातही लावावा लागला नाही. मग शब्दाला तोंडची वाफ कसं म्हणायचं? आणि शास्त्रातल्या शब्दाची तर गोष्टच सोडा, तो निघाला की काम करूनच परततो, असं ते छातीठोकपणे सांगत. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून ते एक्क्याण्णव साली निवृत्त झाले, पण नाशिकच्या शरणपूर रोडच्या आतल्या गल्लीतल्या त्यांच्या लहानशा चर्चमधला रविवारचा शास्त्राचा वर्ग काही सुटला नाही. मंडळीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. वर्गातला पहिला प्रश्न ठरलेला असे, शास्त्र कोणी लिहिलं? पोरांनी एका सुरात म्हणायचं, माणसांनी लिहिलं, देवाने लिहवून घेतलं. मग गुरुजी खूश होऊन मेंढपाळ, कोळी, जकात गोळा करणारा अशी सगळी लिहिणारी मंडळी बोटांवर मोजून दाखवत.

त्या चर्चमध्ये एक जुनी पद्धत होती. एक जानेवारीला सकाळची उपासना झाली की पितळी ताटात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या फिरत. प्रत्येक चिठ्ठीवर शास्त्रातलं एक वचन. ज्याने जी उचलली ते त्याचं वर्षभराचं वचन, देवाने त्याच्यासाठी काढून ठेवलेलं. लोक ती चिठ्ठी कपाटाच्या आरशावर चिकटवत, पाकिटात ठेवत. कोणी भेटलं की "यंदा काय निघालं?" असं विचारत. ह्या दीड-पावणेदोनशे चिठ्ठ्या गुरुजी डिसेंबरभर बसून स्वतःच्या हाताने लिहीत. अक्षर असं, की छापखान्याने मान खाली घालावी.

फक्त एक खोड होती. तांदळातून खडे वेचावेत तसे ते शास्त्रातून शाप, रडारड, शिक्षा सगळं वेचून बाजूला ठेवत. ताटात जायचं ते गोडच. एका वर्षी नव्या पाद्रीसाहेबांनी हसत विचारलं, गुरुजी, कडू वचन कोणाला निघतच नाही, हे कसं काय? गुरुजी म्हणाले, वर्षाच्या पहिल्या दिवशी कोणी कडू खातं का? पाद्री नाशिकचेच. ते म्हणाले, पाडव्याला कडुनिंब खातात की. सगळे हसले, गुरुजीही हसले, आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा गोडच लिहायला बसले.

गुरुजींना मूल नव्हतं. धाकटा भाऊ आणि भावजय लवकर गेल्यावर त्यांची पोर दीपमाला त्यांनीच वाढवली. ती त्यांना नाना म्हणे. तिला चांदवडकडचा वाल्मीक नावाचा मुलगा केला होता. तो सातपूरला एका कंपनीत फिटर होता. त्यांची एक मुलगी, छाया. दीपमाला चर्चच्या गायनमंडळात गात असे आणि तिचा आवाज उंच लागला की गुरुजी डोळे मिटून घेत. देवासाठी मिटत की पुतणीसाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पंच्याण्णवच्या डिसेंबरात दीपमालाच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी तुकडा तपासला आणि स्पष्ट सांगितलं, गाठ चांगली नाही, पण वेळेत सापडली आहे, नऊ जानेवारीला काढून टाकू, उशीर करू नका. दीपमाला पस्तिशीची. तिची आई ऑपरेशनच्या टेबलावर गेली होती ती परत आलीच नव्हती, आणि त्या वेळी दवाखान्याच्या बाकावर दीपमाला बसलेली होती. ती रात्रंदिवस थरथरू लागली. मी टेबलावर चढणार नाही, एवढंच बोले.

गुरुजींनी समजावलं, वाल्मीकने हात जोडले, काही उपयोग झाला नाही. तेव्हा गुरुजींना वाटलं, हिला माणसाचा शब्द पुरणार नाही, देवाचाच हवा. शास्त्रात एका आजारी राजाची गोष्ट आहे. तो मरणाला टेकला, भिंतीकडे तोंड करून रडला, आणि देवाने निरोप पाठवला की तुझे अश्रू मी पाहिले, तुझ्या आयुष्यात पंधरा वर्षं वाढवतो. गुरुजींनी त्या अर्थाचं वचन आपल्या सर्वांत सुंदर अक्षरात लिहिलं आणि ती चिठ्ठी कोटाच्या खिशात वेगळी ठेवली.

गायनमंडळ सगळ्यात शेवटी चिठ्ठ्या उचलत असे आणि दीपमाला त्यातही शेवटी. ताट धरायला गुरुजीच होते. तिची पाळी येण्याआधी ताटात दोन चिठ्ठ्या उरल्या होत्या. गुरुजींनी त्या मुठीत घेतल्या आणि खिशातली ताटात टाकली. दीपमाला म्हणाली, नाना, मला एकच राहिली. गुरुजी म्हणाले, एकच लागते. तिने ती उघडली, वाचली आणि बाकावर बसून रडू लागली. बायका भोवती जमल्या, पाद्रीसाहेबांनी मोठ्याने वाचून दाखवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. आता पोर टेबलावर चढेल, असं त्यांना वाटलं.

नऊ तारखेला सकाळी गुरुजी धुतलेलं धोतर नेसून, थर्मास घेऊन तिच्या घरी गेले. दीपमाला ओट्यापाशी भाकरी थापत होती. चेहरा उजळलेला, थरथर गेलेली. ती म्हणाली, नाना, आता कशाला ऑपरेशन? पंधरा वर्षं दिलीत त्याने. पंधरा वर्षांत छायाचं लग्न होतं, नातवंडही मांडीवर येतं, मला एवढंच हवं होतं. गुरुजींच्या हातातला थर्मास तसाच राहिला. त्यांनी धीर द्यायला पाठवलेला शब्द तिने बरं झाल्याचा दाखला म्हणून घेतला होता.

त्या दिवसापासून गुरुजींचा पाय तिच्या घरातून निघेना. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी शास्त्रावरच आले. म्हणाले, अगं, त्या राजालासुद्धा देवाने नुसतं बरं नाही केलं. अंजिरांचा लेप लावायला सांगितला होता. देव औषधाच्या विरुद्ध नाही, आपण दवाखान्यात जाऊ. दीपमालाने लक्ष देऊन ऐकलं, मान हलवली. गुरुजी हलक्या मनाने घरी गेले.

तीन दिवसांनी जाऊन बघतात तर पाट्याशेजारी अंजिरांची पुडी. वाल्मीकने मेन रोडवरून सुके अंजीर आणले होते, आणि दीपमाला ते भिजवून, वाटून गाठीवर लेप लावत होती. वाल्मीक मोठ्या श्रद्धेने म्हणाला, "नाना, तुमी सांगितलं ते लय बरं केलं. आमाला कुठं एवढं म्हाईत हाय?"

गुरुजींनी तिथल्या तिथे मांडी घातली. आता लपवून चालणार नव्हतं. त्यांनी वाल्मीकला काही निमित्ताने बाहेर पाठवलं आणि दीपमालाला सांगितलं, "दीपा, ती चिठ्ठी तुला निघालेली नाही. माझ्या खिशात होती. ताटात मी टाकली."

दीपमालाने हातातली वाटी खाली ठेवली. रागावली नाही, दचकलीही नाही. म्हणाली, "नाना, शास्त्र कोणी लिहिलं?"

गुरुजींनी अंजिरांची पुडी बंद करून बाजूला सारली.

"तुम्हीच शिकवलंत. माणसांनी लिहिलं, देवाने लिहवून घेतलं. मग ही चिठ्ठी त्याने तुमच्या हातून टाकवून घेतली नसेल कशावरून?"

"मी भीतीपोटी टाकली गं."

"लिहिणाऱ्यांनाही भीती वाटतच असेल की," ती म्हणाली आणि वाटी पुन्हा हातात घेतली.

ह्यावर एक उत्तर होतं, आणि ते गुरुजींना ठाऊक होतं. ते वचन त्या राजाला दिलेलं होतं, तुला नाही. एवढं एकच वाक्य. ते त्यांच्या ओठापर्यंत आलं. पण ते बोलायचं, तर मग इतकी वर्षं ताटात टाकलेलं प्रत्येक वचन दुसऱ्याच कोणाला दिलेलं होतं, आरशांवर चिकटवलेली, पाकिटांत जपलेली चिठ्ठी न् चिठ्ठी उसनी होती, हेही बोलावं लागलं असतं. गुरुजींनी ते वाक्य गिळलं. भित्रा माणूस नव्हता तो, पण त्या अर्ध्या मिनिटात भ्याला, आणि तेवढ्यात वाल्मीक परत आला. पुढे त्यांनी ते वाक्य कितीदा तरी म्हटलं, दीपमालापाशीही म्हटलं, पण तोवर ती नुसती हसून त्यांचा हात थोपटत असे.

गाठीने आपलं काम सोडलं नाही. सहा महिन्यांत ती काखेत गेली, वर्षभरात पाठीत. वाल्मीक तिला उचलून डॉक्टरांकडे घेऊन गेला तेव्हा डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, इतके दिवस कुठे होतात? सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात दीपमाला गेली. शेवटच्या आठवड्यात तिला बोलवत नव्हतं, पण चिठ्ठी उशाखाली होती, आणि ती हाताने चाचपून बघत असे. पंधरातली दोनसुद्धा धड झाली नव्हती.

मातीहून आल्यावर बायका कुजबुजल्या. वचन तर खोटं असू शकत नाही. मग घरातच कोणाचा तरी विश्वास कमी पडला असणार. गुरुजी तडक पाद्रीसाहेबांकडे गेले आणि म्हणाले, मला रविवारी उभं राहून सगळं सांगू द्या. पाद्री वाईट माणूस नव्हते. त्यांनी गुरुजींना पाणी दिलं, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, आता सांगून ती परत यायची नाही, उलट वाल्मीकचा देवावरचा विश्वास जाईल, त्याला दुसरं उरलंय काय? गुरुजी घरी आले. त्या डिसेंबरात त्यांनी दौत उघडली नाही. चर्चने मुंबईहून छापील चिठ्ठ्या मागवल्या. त्याही सगळ्या गोडच होत्या.

गुरुजींनी शब्द परत घ्यायला लावणंही सोडलं. दूधवाला एकदा काही वंगाळ बोलून सवयीने थांबला, वाट बघत राहिला. गुरुजी पातेलं घेऊन आत गेले.

वर्षं गेली. गुरुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. एकाचं ऑपरेशन झालं, दुसरा पिकायची वाट बघत राहिला. छाया दर शुक्रवारी कॉलेजातून येऊन त्यांना वाचून दाखवत असे. आवाज थेट आईचा. दोन हजार पाच साली ती विशीची झाली होती, पण मनगटं पाहिली तर बारा वर्षांच्या पोरीची वाटावीत. गुरुजींना नीट दिसत नसे, पण हात धरला की हाड लागे. एका शुक्रवारी त्यांनी तिच्यापुढे पोह्यांची बशी सरकवली. तिने परत सरकवली. असं तर ती नेहमीच करते, हे त्यांच्या त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं. त्यांनी खोदून विचारलं तेव्हा तिने खाली बघत सांगितलं.

आई आजारी असताना तिने देवाला शब्द दिला होता, दर शुक्रवारी उपास करीन, आईची पंधरा वर्षं पुरी कर. सातवीत असताना शाळेची सहल गंगापूर धरणावर गेली. मैत्रिणीने भेळ दिली, ती हिने खाल्ली आणि मग आठवलं, आज शुक्रवार. त्याच महिन्यात आईच्या पाठीत दुखू लागलं. "विश्वास माझाच कमी पडला, नाना. हे मी कोणाला सांगितलं नाही. पप्पांना तर नाहीच. तेव्हापासून एकही शुक्रवार चुकू दिला नाही."

पाद्रींनी घातलेलं बंधन, वाल्मीकचा विश्वास, स्वतःची लाज, सगळं बाजूला सारून गुरुजींनी पोरीला पहिल्यापासून सांगितलं. कोटाचा खिसा, मुठीत घेतलेल्या दोन चिठ्ठ्या, अंजीर, गिळलेलं वाक्य, काहीही वगळलं नाही. म्हणाले, तुझा काडीचा दोष नाही, ते वचन तुझ्या आईचं नव्हतंच. सांगता सांगता ते रडले.

छायाने सगळं ऐकून घेतलं. उठून त्यांचे डोळे ओढणीने पुसले, ऑपरेशन झालेला डोळा जपून.

"नाना," ती मायेने म्हणाली, "तुम्ही जन्मात कधी खोटं बोलला नाहीत. आज बोललात, तेही माझ्यासाठी."

गुरुजींनी तिचे दोन्ही हात धरले, देवाची शपथ घेतली. जी घेऊ नये असं ते आयुष्यभर शिकवत आले होते ती घेतली. छायाने ऐकलं आणि मान हलवली, म्हाताऱ्या माणसाशी हलवावी तशी. मग तिने चष्मा पुसून त्यांच्या नाकावर बसवला, पोह्यांची बशी आत नेऊन झाकून ठेवली, आणि त्या शुक्रवारीही काही न खाताच घरी गेली.