मामीचा तीळ आणि मामांचा कोट

माझ्या मामांचा फोटो स्टुडिओ आहे. एक खोली, एक स्टूल, पांढरा पडदा आणि एक कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरात एक कोट आहे. ओळखपत्राच्या फोटोसाठी कुणी बनियनवर आला तरी मामा त्याचं डोकं उचलून त्या कोटावर बसवतात. कोट मामांच्या लग्नातला, म्हणून आतली छातीही मामांचीच. आमच्याकडचे निम्मे पुरुष सरकारदरबारी मामांच्या छातीवर जगतात.

दुसरी खोड पुसापुशीची. चेहऱ्यावर काही दिसलं की मामांचे हात शिवशिवतात. सुरकुती, डाग, सगळं गुळगुळीत. गिऱ्हाईक खूश होतं, बायको नाही. मामीच्या ओठाशेजारी टपोरा तीळ आहे आणि पुढच्या दोन दातांत फट. पण लग्नापासून आजवरच्या एकाही फोटोत ना तीळ, ना फट. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत मामांशेजारी उकडलेल्या अंड्यासारखी कुणी भलतीच बाई उभी आहे.

मामी सुरेख गाते. यंदा तिने स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि कव्हर अर्थातच मामांकडे आलं. बाहेर दिलं असतं तर मामा वर्षभर फुगून बसले असते.

"अहो, एकच सांगते," मामी म्हणाली, "आवाज माझा आहे, तर तोंडही माझंच हवं. तीळ गेला तर अल्बमही गेला, समजलात?"

"अगं, मी काय वेडा आहे का?"

हे त्यांनी विचारायला नको होतं.

पहिल्या खेपेला मामीच्या मागे धबधबा आला, वर चंद्र, आणि जागा उरली म्हणून आणखी एक चंद्र. मामीने एकेक काढायला लावलं. मग हंस आला, तोही गेला. उरली नुसती मामी. करायला काहीच उरलं नाही आणि तिथेच घात झाला. मामांनी म्हणे डोळ्याखालची एकच रेघ पुसली. मग दुसरा डोळा वेगळा दिसायला लागला, तो सारखा केला. मग कपाळ, मग गाल. शेवटी सवयीने सेव्ह केलं, तेही मूळ फोटोवरच, आणि फाइल बंद केली.

मी पोचले तेव्हा मामा घाम पुसत होते. फाइल पुन्हा उघडलेली, स्क्रीनवर उकडलेलं अंडं.

"मामा, मूळ फोटो कुठाय?"

"हाच तो," मामा म्हणाले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

जेवणाचा डबा घेऊन मामी दारातच उभी होती. तिने स्क्रीनकडे पाहिलं. "हिचाच अल्बम काढा मग," ती म्हणाली. डोळे भरले होते. मला मामांचा असा राग आला की माउस खिडकीबाहेर फेकावासा वाटला.

"थांब, थांब! तीळ लावतो!" मामांनी घाईघाईने काळा रंग घेतला आणि क्लिक केलं. पण ब्रश अजून चंद्राच्याच मापाचा होता. तिळाने एका फटक्यात मामीचं नाक, तोंड आणि एक डोळा गिळला.

मामी हसायला लागली. खुर्ची धरून, डोळे मिटून, दातांतली फट दाखवत, तिळासकट हसली. मामांनी कॅमेरा उचलला आणि पहिल्यांदाच "हनुवटी खाली" न म्हणता फोटो काढला.

"तूच पाठव छापायला," ते मला म्हणाले. "माझा भरवसा नाही." आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

कव्हर छापून आलं. पुढे हसणारी मामी, जशी आहे तशी. मागची बाजू मात्र मामांनी परस्पर पाठवलेली: चार वादक, चौघेही मामांच्या त्याच कोटात. व्हायोलिनवाल्या बाईसुद्धा.

"हात मोकळे होते," मामा पुटपुटले.

आता मामांचं काही खरं नाही, असं मला वाटलं. पण मामीने लग्नाचा फोटो खिळ्यावरून उतरवला आणि त्या जागी दोन्ही बाजू दिसतील असं कव्हर उघडून लावलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आमचा दोघांचा पहिलाच फोटो आहे."