सुरुंगावर बसलेली जाऊ

कळमनुरीकडच्या डोंगरात आम्हा आंध आदिवासींची थोडीशी घरं होती. मी लग्न होऊन आले तेव्हा झऱ्याची वाट मला थोरल्या जाऊनंच दाखवली. खडकाच्या कपारीतून बोटभर धार यायची. भर उन्हाळ्यात माणसं आणि गुरं तिच्यावरच जगायची.

निजामाचं राज्य होतं. सडकेला दगड पाहिजे म्हणून ठेका घेतलेल्या एका गुत्तेदारानं झऱ्याच्या वरची आमची टेकडी घेतली. कोणाला विचारून घेतली, कोण जाणे. सुरुंगाची भोकं पाडायला त्यानं आमचीच माणसं लावली. त्या साली ज्वारी बुडाली होती. माझा नवरा कामाला गेला, थोरले दीरही गेले. जाऊ म्हणाली, "वरून खडक फोडला तं पानी खाली दबंल." कोणी ऐकलं नाही.

मग ती रोज सांजेला भोकांत चिखल ठासू लागली. मीही माती वाहिली. पुरुष सकाळी तीच भोकं उकरायचे आणि घरी येऊन आमच्याच हातची भाकर खायचे.

एक दिवस भोकांत दारू भरली, तशी जाऊ त्यावर जाऊन बसली.

गुत्तेदाराचा मुकादम ओरडला, "ऊठ बाई, मरशील!"

"मरंन. लेकरायनं पानी कुठून प्यावं, ते सांग आधी."

मुकादमानं दिरांकडं पाहिलं. "तुझी बायको हाय. तू उचल."

दीर पुढं झाले. "तुमी?" एवढंच ती म्हणाली. त्यांनी तिला उचलून खाली आणलं. तिनं हातपायही झाडले नाहीत. मागं सुरुंग उडाला.

धार हळूहळू बारीक झाली, मग नुसती ओल राहिली. आम्ही लांबच्या नदीवरून पाणी आणू लागलो. जाऊ दिरांना जेवायला वाढायची, पण त्यांच्याशी बोलणं तिनं कायमचं सोडलं.

निजामाचं राज्य गेलं, त्या धामधुमीत गुत्तेदार पळाला. खदान बंद पडली. त्या हिवाळ्यात दीर एकटेच पहार घेऊन कपार उकरत बसायचे. मी म्हटलं, "भाऊजी, आता काहून उकरता?" ते म्हणाले, "लागंल एखादवेळी."

जाऊ रोज माझ्या हाती त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या द्यायची. स्वतः कधी गेली नाही.

पाणी लागलं नाही.